कीर्द दप्तरी दाखल करण्याची रीत : डेटाबेसच्या व्यवहार-नोंदींचे जतन

जमाखर्चाच्या जुन्या मराठी पद्धतीत कीर्द आणि खतावणी ही दोन स्वतंत्र पुस्तके असत. दिवसभरात जे व्यवहार होतील ते घडतील त्या क्रमाने कीर्दीत उतरवावयाचे आणि मागाहून सवडीने ते ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवावयाचे, असा त्या पद्धतीचा नियम. खतावणी उघडली म्हणजे आजची स्थिती एका दृष्टिक्षेपात कळते. ती स्थिती कशी प्राप्त झाली हे मात्र कीर्दीवाचून कळत नाही. खतावणी नष्ट झाली तर कीर्दीवरून ती पुन्हा लिहिता येते. परंतु कीर्द नष्ट झाली तर खतावणीवरून ती सिद्ध करता येत नाही. सोयीचे पुस्तक खतावणी असले, तरी प्रमाणाचे पुस्तक कीर्द होय. पेशवे दप्तरातही रोजकीर्दींना जे महत्त्व आहे ते ह्याच कारणाने.

आधुनिक डेटाबेसची अंतर्गत रचना ह्याच दोन पुस्तकांची आहे. त्यातील कोष्टके ही खतावणी आणि ज्याला ट्रँझॅक्शन लॉग म्हणतात ती त्याची कीर्द. ही कीर्द अखंड वाढत असते. म्हणून तिचे जुने भाग वेळोवेळी मूळ यंत्रावरून हलवून अन्यत्र सुरक्षित ठेवावे लागतात. ह्या क्रियेस ‘दप्तरी दाखल करणे’ हा आपल्याकडील रूढ शब्दप्रयोग अगदी चपखल लागू पडतो. क्रिया दिसावयास सामान्य, बहुधा एका ओळीच्या आज्ञेने उरकली जाणारी. म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते आणि तिच्यातील दोष संकट ओढवल्यावरच उघडकीस येतात. हे दोष कोणते आणि त्यांचे निवारण कसे करता येते, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. गावच्या दप्तरातील दृष्टांत

विषय अमूर्त राहू नये म्हणून प्रथम महसुली दप्तराचे उदाहरण घेणे इष्ट ठरेल. पुणे–नाशिक रस्त्यावरील पेठ हे आंबेगाव तालुक्यातील गाव. तेथील एखाद्या गटातील जमीन विकली गेली, तर तिची नोंद कोणत्या मार्गाने होते? खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले जाते. त्याची खबर महसूल यंत्रणेस मिळते. तलाठी, म्हणजे आजच्या पदनामाप्रमाणे ग्राम महसूल अधिकारी, गाव नमुना सहामध्ये, अर्थात फेरफाराच्या नोंदवहीत, क्रमांक देऊन नोंद धरतो. हितसंबंधितांस नोटीस जाते. हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. आणि मग सातबाऱ्यावर नव्या धारकाचे नाव येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ह्यातील कलम १५० हा ह्या व्यवस्थेचा पाया आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा स्वतंत्र कायदा १९०३ साली झाला, तेव्हापासून ह्या पद्धतीची परंपरा सांगता येते.

येथे फेरफाराची नोंदवही ही कीर्द आणि सातबारा ही खतावणी, हे उघड आहे. साम्य वरवरचे नाही. हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळात फेरफार प्रमाणित होईपर्यंत त्याचे टिपण पेन्सिलीने ठेवीत आणि प्रमाणित झाल्यावरच ते शाईने कायम करीत. जुन्या धारकाचे नाव खोडून टाकीत नसत, त्यास कंस करीत. आणि नव्या नावापाशी फेरफाराचा क्रमांक लिहीत. त्यामुळे सातबाऱ्यावरील प्रत्येक नावापासून ते ज्या नोंदीने आले तिच्यापर्यंत मागे जाता येई. ठराविक वर्षांनी सातबाऱ्याचे पुनर्लेखन होई, त्या वेळी एखादे नाव अनवधानाने गळाले तर वाद तलाठ्याच्या आठवणीवर मिटत नसे. जुने फेरफार काढून पाहावे लागत. संहितेच्या कलम १५७ अन्वये हक्कनोंदीतील आणि प्रमाणित फेरफारातील नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीरपणे नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. ज्या कागदास कायदा एवढे वजन देतो तो गहाळ होणे म्हणजे केवळ कचेरीची गैरसोय नव्हे. त्यावर एखाद्या कुटुंबाची जमीन, बँकेचे कर्ज आणि वारसांचा हक्क अवलंबून असतो.

हे दप्तर आता संगणकावर आले आहे. ई-फेरफार योजनेखाली नोंदी संगणकावरच धरल्या जातात आणि २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा जनतेस उपलब्ध आहे. अशा कोणत्याही व्यवस्थेत दोन कीर्दी एकाखाली एक असतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. वरची कीर्द फेरफाराची. ती माणसांस वाचता येते आणि ती स्वतः डेटाबेसमधील एक कोष्टक असते. खालची कीर्द यंत्राची. फेरफाराच्या कोष्टकात एक ओळ वाढली, हीदेखील तिच्या दृष्टीने एक नोंदच होय. वरच्या कीर्दीचे रक्षण खालची कीर्द करते. खालच्या कीर्दीचे रक्षण कोणी करावयाचे, हा येथील प्रश्न आहे.

२. आधी नोंद, मग बदल

डेटाबेसमध्ये एखादा व्यवहार पक्का होताना कोष्टकांची बदललेली पृष्ठे तत्काळ डिस्कवर लिहिली जात नाहीत. ती पृष्ठे विखुरलेली असतात आणि लेखनास वेळ लागतो. त्याऐवजी बदलाचे वर्णन कीर्दीच्या शेवटी जोडले जाते, ते डिस्कवर स्थिर होते आणि मगच व्यवहार पक्का झाल्याचे कळविले जाते. पृष्ठे मागाहून सवडीने लिहिली जातात. ‘आधी नोंद, मग बदल’ हा तो नियम. मध्येच वीज गेली तर यंत्र पुन्हा सुरू होताना कीर्द वाचून राहिलेली खतावणी पुरी करते. ह्या सिद्धांतास व्यवस्थित रूप देणाऱ्यांत जिम ग्रे ह्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले पाहिजे. त्यांना १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. पुढे १९९२ साली आयबीएममधील सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एरीज’ ही पद्धती प्रसिद्ध केली. पुनःस्थापनेच्या नंतरच्या विचारावर तिचा प्रभाव फार मोठा आहे.

तथापि ह्या नियमाचे संरक्षण एका मर्यादेपर्यंतच पोहोचते. वीज गेली, यंत्र अडले, कार्यक्रम कोसळला, अशा प्रसंगी डिस्क शाबूत असते, म्हणून कीर्दही शाबूत असते. परंतु डिस्कच निकामी झाली, यंत्रगृहास आग लागली किंवा एखाद्या अधिकृत माणसाच्या हातून चुकीची आज्ञा दिली गेली, तर कीर्द आणि खतावणी एकदमच जातात. रात्री घेतलेली पूर्ण प्रत असेल, तर ती कालच्या रात्रीची. आज सकाळपासून प्रमाणित झालेले फेरफार तीत नाहीत. ज्याने सकाळी अकरा वाजता नाव लागल्याचा उतारा घेतला, त्याच्या हाती कागद आहे, परंतु दप्तरात त्याचे नाव नाही; आणि ज्याने जमीन विकली त्याचे नाव मात्र पूर्ववत तेथे आहे. एकच जमीन दुसऱ्यांदा गहाण पडण्यास किंवा विकली जाण्यास एवढे अंतर पुरेसे आहे.

हे अंतर भरून काढण्याचा उपाय म्हणजे पूर्ण प्रत अधिक त्यानंतरची सलग कीर्द. पूर्ण प्रत जुनी असली तरी चालते. तिच्यापुढील कीर्दीचा प्रत्येक भाग उपलब्ध असेल, तर त्या प्रतीवर तो क्रमाने चढवून हव्या त्या क्षणापर्यंत येता येते. चूक साडेचार वाजता झाली असेल तर चार वाजून एकोणतीस मिनिटांवर थांबता येते. पोस्टग्रेस ह्या मुक्त डेटाबेसमध्ये ही सोय जानेवारी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठव्या आवृत्तीत आली. ओरॅकलमध्येही तत्त्व तेच आहे : दप्तरी दाखल करण्याची पद्धत चालू असेल तर कीर्दीचा भाग दाखल झाल्याखेरीज त्यावर पुन्हा लिहिता येत नाही. पुढील विवेचनात पोस्टग्रेसचा आधार घेतला आहे. कारण त्याची रचना उघड असून विद्यार्थ्यांस ती प्रत्यक्ष तपासून पाहता येते.

३. होकाराचे मोल

पोस्टग्रेसची कीर्द सामान्यतः १६ मेगाबाइटच्या खंडांत विभागलेली असते. एक खंड भरला की दुसरा सुरू होतो. भरलेल्या खंडाबाबत डेटाबेस प्रशासकाने दिलेली आज्ञा चालवितो : हा खंड अमुक ठिकाणी ठेव. आज्ञेने यश कळविले की डेटाबेस त्या खंडास दाखल झालेला समजतो आणि कालांतराने तो पुसतो किंवा नव्या नावाने पुन्हा वापरतो. अपयश कळविले, तर खंड राखून ठेवून पुन्हा प्रयत्न करतो. सारी मदार ह्या एका होकारावर आहे. होकार खरा असेल तर पद्धत निर्दोष. तो अकाली किंवा खोटा असेल तर तिच्यासारखी फसवी पद्धत नाही. कारण होकार मिळताच मूळ प्रत नष्ट होण्याचा मार्ग मोकळा होतो.

पहिला दोष अकाली होकाराचा. नक्कल करणारी साधी आज्ञा, नक्कल अद्याप कार्यप्रणालीच्या स्मृतीत असतानाच यश कळविते. त्याच क्षणी दुसऱ्या यंत्राची वीज गेली, तर तेथे अर्धवट खंड राहतो आणि इकडे मूळ खंड पुसला जाण्यास पात्र ठरलेला असतो. निवारण असे की, खंड प्रथम तात्पुरत्या नावाने लिहावा, तो डिस्कवर स्थिर करवून घ्यावा, मग त्यास खरे नाव द्यावे, हे नामांतरही स्थिर करावे आणि नंतरच होकार द्यावा. असे केल्याने दप्तरात खऱ्या नावाने जे जे आढळेल ते पूर्णच असेल, अशी खात्री मिळते. पेन्सिलीचे टिपण आणि शाईची नोंद ह्यांतील भेद येथे वेगळ्या रूपाने पुन्हा अवतरतो.

दुसरा दोष पूर्वीच्या खंडावर लिहिण्याचा. दोन डेटाबेस अनवधानाने एकाच दप्तराकडे खंड पाठवू लागले, तर एकाच नावाचे दोन खंड संभवतात. म्हणून त्या नावाचा खंड आधीच असल्यास आज्ञेने नकार दिला पाहिजे, असा जुना दंडक आहे. परंतु हा दंडक सरसकट लावला तर वेगळीच अडचण उभी राहते. खंड पोहोचला, पण तो पोहोचल्याची टीप मूळ यंत्रावर स्थिर होण्यापूर्वीच ते यंत्र कोसळले, असे घडू शकते. यंत्र सुरू झाल्यावर तोच खंड पुन्हा पाठविला जातो. दप्तर नकार देते. आणि पुढील सर्व खंड त्याच्यामागे अडून बसतात. म्हणून नियम अधिक सूक्ष्म हवा : नाव तेच आणि मजकूरही अक्षरशः तोच असेल तर होकार द्यावा, नाव तेच पण मजकूर भिन्न असेल तर नकार द्यावा आणि प्रशासकास इशारा द्यावा. ह्या दोन प्रसंगांतील पहिला निरुपद्रवी आहे, तर दुसरा गंभीर घोटाळ्याचे लक्षण आहे. दोहोंस एकच उत्तर देणे योग्य नव्हे.

४. तुंबलेले खंड

तिसरा दोष गतीचा. ही आज्ञा एका वेळी एकाच खंडासाठी चालते. पुण्याबाहेरील एखाद्या कचेरीची जोडणी दर सेकंदास १० मेगाबिटची आहे असे धरू. १६ मेगाबाइटचा खंड म्हणजे सुमारे १२८ मेगाबिट. तो जाण्यास जवळजवळ १३ सेकंद लागतील. मिनिटास सरासरी ४.७ खंड जातील. कामाच्या गर्दीत मिनिटास ६ खंड तयार होऊ लागले, तर दर मिनिटास १.३ खंड, म्हणजे तासाला ७८ खंड तुंबतील. त्यांचा आकार सव्वा गीगाबाइटच्या आसपास होतो. दहा तासांत बारा गीगाबाइटांहून अधिक साठा मूळ यंत्रावर अडकतो. डेटाबेस दाखल न झालेला खंड पुसत नाही, हे योग्यच. परंतु त्यामुळे कीर्दीची डिस्क पूर्ण भरली, तर नवी नोंद लिहिण्यास जागा नसल्याने डेटाबेस बंद पडतो. संरक्षणासाठी केलेली व्यवस्थाच कामकाज थांबविण्यास कारण होते.

ह्यावर उपाय तीन. पहिला, पाठविण्यापूर्वी खंड संकुचित करणे. खंड निम्म्यावर आला तर त्याच जोडणीवरून मिनिटास नऊ खंड जातील आणि वरील उदाहरणातील तुंबारा राहणार नाही. दुसरा, अनेक खंड समांतर पाठविणे. पीजी-बॅकरेस्टसारख्या साधनांत ही सोय आहे. मात्र होकार ज्या त्या खंडास स्वतंत्रपणे आणि तो प्रत्यक्ष पोहोचल्यावरच मिळाला पाहिजे. तिसरा उपाय, प्रत्येक खंडासाठी नवी आज्ञा सुरू करण्याचा खर्च टाळणे. २०२२ साली आलेल्या पंधराव्या आवृत्तीपासून हे काम आज्ञेऐवजी डेटाबेसमध्येच जोडलेल्या एखाद्या घटकाकडे सोपविता येते.

त्याच आवृत्तीतील आणखी एक सुधारणा विद्यार्थ्यांनी मुद्दाम अभ्यासावी, कारण तिच्यात अल्गोरिदमच्या विचाराचे फळ स्पष्ट दिसते. दाखल करावयाच्या प्रत्येक खंडासाठी डेटाबेस एका निर्देशिकेत लहानशी खूण ठेवतो. पूर्वी दर खंड पाठविल्यावर ती सारी निर्देशिका वाचून सर्वांत जुना खंड शोधला जाई. तुंबलेले खंड दहाबारा असतील तर ह्याचे काही वाटत नाही. ते १०,००० असतील, तर सारा साठा संपेपर्यंत सुमारे पाच कोटी खुणा वाचाव्या लागतात. म्हणजे ज्या वेळी गतीची सर्वाधिक गरज, त्याच वेळी यंत्र सर्वांत मंद. नव्या रचनेत एका वाचनात सर्वांत जुने ६४ खंड निवडून ठेवले जातात. निर्देशिका १०,००० वेळा न वाचता सुमारे १५७ वेळा वाचली जाते आणि खुणांची संख्या आठ लाखांच्या आत येते. खंडाचे स्वरूप, आज्ञा, होकाराचा नियम ह्यांपैकी काहीही न बदलता केवळ शोधण्याची रीत बदलून हा लाभ झाला.

तुंबारा हाताबाहेर गेल्यास काय करावे, हा धोरणाचा प्रश्न आहे. काही साधनांत अशी सोय आहे की, ठरलेल्या मर्यादेपलीकडे साठा गेला म्हणजे खंड टाकून द्यावेत आणि डेटाबेसला मात्र ते दाखल झाल्याचे सांगावे. कामकाज चालू राहते, पण कीर्दीची सलगता तुटते आणि नवी पूर्ण प्रत घेईपर्यंत त्या खंडापुढील कोणत्याही क्षणास पोहोचणे अशक्य होते. दुकानाच्या संकेतस्थळास हे परवडेल. हक्कनोंदीस ते परवडणारे नाही. तेथे इशारा वेळीच मिळणे आणि डिस्कवर पुरेशी राखीव जागा असणे, हाच मार्ग श्रेयस्कर. २०१४ च्या ९.४ ह्या आवृत्तीपासून शेवटचा खंड केव्हा दाखल झाला आणि शेवटचे अपयश केव्हा आले, हे डेटाबेसलाच विचारता येते. ही माहिती दर काही मिनिटांनी तपासली जावी.

५. अपुऱ्या खंडाचा प्रश्न

आतापर्यंतचा विचार भरलेल्या खंडांचा झाला. परंतु रात्री किंवा सुटीच्या दिवशी व्यवहार विरळ असतात. एक खंड भरावयास कित्येक तास लागतात. तो भरेपर्यंत त्यातील नोंदी मूळ यंत्रावरच राहतात. ह्यावर सांगितला जाणारा सरळ उपाय म्हणजे ठराविक वेळाने खंड भरलेला नसला तरी बदलणे. परंतु असा अर्धवट खंडही १६ मेगाबाइटचाच असतो. व्यवहार तुरळक पण सतत चालू असतील आणि दर मिनिटास खंड बदलला, तर दिवसाचे १,४४० खंड, म्हणजे साडेबावीस गीगाबाइट होतात. त्यांत प्रत्यक्ष मजकूर कदाचित काही मेगाबाइटच असेल. पाच मिनिटांचे अंतर ठेवले तर तोच आकडा २८८ खंड आणि साडेचार गीगाबाइट असा होतो. रिकामा भाग संकोचनाने बराच कमी होतो, हे खरे; तरी पाच मिनिटांच्या नोंदी जाण्याचा धोका शिल्लक राहतोच.

अधिक मूलगामी उपाय म्हणजे खंड पूर्ण होण्याची वाट न पाहता कीर्द प्रवाहरूपाने, नोंदीमागून नोंद, दुसऱ्या यंत्राकडे पाठविणे. पोस्टग्रेसमध्ये असा प्रवाह २०१० पासून उपलब्ध आहे आणि केवळ कीर्द उतरवून घेणारे स्वतंत्र साधन २०१२ पासून. दुसऱ्या यंत्राने नोंद स्थिर केल्यावरच व्यवहार पक्का समजावा, अशीही योजना करता येते. त्यामुळे प्रत्येक व्यवहारास थोडा विलंब लागतो. पण व्यवहार पक्का झाल्याचे कळते तेव्हा त्याची नोंद दोन ठिकाणी झालेली असते. फेरफार प्रमाणित करताना अर्धा सेकंद अधिक लागला तर कोणाचे काही बिघडत नाही.

येथेही एक सावधगिरी आवश्यक आहे. उतरवून घेणारे यंत्र काही काळ बंद राहिले तर त्याला न मिळालेले खंड राखून ठेवण्यासाठी मूळ यंत्रावर एक खूण ठेवता येते. ही सोय २०१४ सालची. परंतु ते यंत्र कायमचेच गेले आणि खूण तशीच राहिली, तर खंड साठत जाऊन मूळ डिस्क भरते. अशा साठ्यास कमाल मर्यादा घालण्याची सोय २०२० मध्ये आली. एका दोषाचा उपाय दुसऱ्या दोषाचे बीज कसे ठरतो आणि पुढील आवृत्तीस त्याचे निवारण कसे करावे लागते, ह्याचे हे बोलके उदाहरण होय.

६. दप्तर कोठे आणि किती काळ

ज्या यंत्रगृहात मूळ डेटाबेस त्याच यंत्रगृहात दप्तर ठेवणे म्हणजे दोन्ही पुस्तके एकाच पेटीत ठेवणे. जागाच नाहीशी होऊ शकते, हे आंबेगाव तालुक्यास निराळे सांगावयास नको. ज्या गावाचे नाव तालुक्यास आहे ते जुने आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले आणि तालुक्याचा कारभार घोडेगावाहून चालतो. धरणाची सूचना आधी मिळते, माणसे आणि कागद हलविता येतात. आग, पूर आणि डिस्कचा बिघाड अशी सूचना देत नाहीत. म्हणून एक दप्तर जवळ असावे, जेणेकरून पुनःस्थापना लवकर होईल. आणि दुसरे दूरच्या ठिकाणी, वेगळ्या अधिकाऱ्याच्या ताब्यात असावे. मूळ यंत्राच्या प्रशासकास दूरच्या दप्तरात भर घालण्याचा अधिकार असावा; पुसण्याचा नसावा. हे बंधन घातले म्हणजे चुकीची आज्ञा किंवा दुष्ट हेतूने केलेला हल्ला एकाच वेळी दोन्हीकडे पोहोचू शकत नाही.

खंड किती काळ ठेवावेत, ह्याचे उत्तर पूर्ण प्रतींच्या वेळापत्रकावर अवलंबून आहे. जी सर्वांत जुनी पूर्ण प्रत राखावयाची, ती घेण्यास जेथे आरंभ झाला तेथपासूनचा प्रत्येक खंड राखला पाहिजे. मधला एक गेला तर त्यापुढील सारे, पुढची पूर्ण प्रत येईपर्यंत, निरुपयोगी होतात. पूर्ण प्रत आठवड्यास एकदा आणि दिवसास ३०० खंड असा हिशेब धरला, तर आठवड्याच्या शेवटी संकट आल्यास २,१०० खंड, म्हणजे सुमारे ३३ गीगाबाइट कीर्द क्रमाने चढवावी लागेल. तेवढा वेळ कचेरी बंद राहणे चालत नसेल तर पूर्ण प्रती अधिक वेळा घेतल्या पाहिजेत.

येथे एका गैरसमजाचे निरसन करणे अगत्याचे आहे. ही कीर्द ऐतिहासिक दप्तर होऊ शकत नाही. पुण्याच्या पुराभिलेखागाराच्या १८९१ साली उभारलेल्या इमारतीत पेशवे दप्तर आहे. त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई ह्यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ ह्या काळात पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध झाले. दोन-अडीच शतकांपूर्वीचे ते मोडी कागद आजही मोडी जाणणाऱ्यास वाचता येतात. डेटाबेसच्या कीर्दीचे तसे नाही. ती ज्या मुख्य आवृत्तीत लिहिली गेली त्याच आवृत्तीस वाचता येते. त्यापुढील आवृत्तीस नाही. तिचे आयुष्य आठवड्यांत किंवा महिन्यांत मोजावयाचे. शंभर वर्षांनी पेठेतील वारसास जे लागेल ते यंत्राचे खंड नव्हेत, तर फेरफाराच्या वाचनीय नोंदी. त्यांच्या दीर्घकालीन जतनाची व्यवस्था स्वतंत्र असली पाहिजे. एकीस दुसरीचा पर्याय समजणे ही मोठी चूक ठरेल.

७. कसोटी पुनःस्थापनेची

दप्तरात खंड जमत आहेत, एवढ्यावरून ते उपयोगी आहेत असे सिद्ध होत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब ह्या संस्थेत घडलेली घटना ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. संस्थेने तिचा वृत्तांत स्वतः प्रसिद्ध केला आहे. मुख्य डेटाबेसच्या मागोमाग चालणारे दुय्यम यंत्र मागे पडले. त्यास हवे असलेले कीर्दीचे खंड मुख्य यंत्रावरून आधीच पुसले गेले होते आणि खंड दप्तरी दाखल करण्याची व्यवस्था नव्हती. दुय्यम यंत्र नव्याने उभारण्याच्या खटाटोपात एका अभियंत्याकडून चुकून मुख्य यंत्रावरील निर्देशिका पुसली गेली. सुमारे ३०० गीगाबाइट डेटा गेला. मग रोजच्या प्रतीचा शोध घेतला तेव्हा दिसून आले की, प्रत घेणारे साधन ९.२ ह्या आवृत्तीचे आणि डेटाबेस ९.६ ह्या आवृत्तीचा असल्यामुळे प्रती निघतच नव्हत्या. आणि त्या अपयशाचे इशारे देणारी पत्रे वाटेतच नाकारली जात होती. अन्य प्रयोजनाने सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत होती म्हणून बाकीचे वाचले. त्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या.

ह्या घटनेत तंत्राची उणीव नव्हती. प्रती घेण्याच्या अनेक योजना कागदावर होत्या; त्यांची नियमित तपासणी मात्र होत नव्हती. यास्तव दप्तराची खरी परीक्षा एकच : ठराविक काळाने दप्तरातील पूर्ण प्रत आणि खंड घेऊन वेगळ्या यंत्रावर डेटाबेस उभा करावा, आदल्या दिवशीचा एखादा निश्चित क्षण ठरवून तेथपर्यंत यावे, आणि त्या क्षणापर्यंतच्या फेरफारांचे क्रमांक मूळ डेटाबेसशी ताडून पाहावेत. फेरफारांस गावनिहाय अनुक्रमांक असल्याने ही ताडणी सोपी आहे. क्रमांकांत खळगा दिसला की दोष उघड होतो. ह्या कामास किती वेळ लागला हेही नोंदवून ठेवावे. कारण संकटाच्या दिवशी कचेरी किती काळ बंद राहील, ह्याचे प्रामाणिक उत्तर केवळ त्याच आकड्यात असते.

उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. कीर्दीचा खंड दाखल झाला असे केव्हा म्हणावयाचे, ह्या एका प्रश्नाच्या काटेकोर उत्तरात दाखल करण्याच्या रीतीची सुधारणा सामावलेली आहे. खंड दुसऱ्या ठिकाणी स्थिर झाला, पूर्वीच्या कोणत्याही खंडाचा नाश न करता झाला, मागील खंडाशी सलग राहिला आणि त्यावरून डेटाबेस पुन्हा उभा करता येतो हे करून पाहिले, ह्या चार गोष्टी झाल्यावरच ‘दाखल’ ह्या शब्दास अर्थ येतो. संकोचन, समांतर प्रेषण, प्रवाहरूप नक्कल ही सारी साधने मोलाची आहेत. परंतु ती गती देतात, खात्री देत नाहीत. खात्री होकाराच्या शिस्तीतून आणि पुनःस्थापनेच्या नित्य अभ्यासातून येते.

मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केला म्हणजे शासनाने पेठेतील त्या शेतकऱ्यास एक शब्द दिलेला असतो. त्या शब्दामागे पूर्वी शाई, कागद आणि कुलूपबंद कपाट होते. आता त्यामागे सोळा-सोळा मेगाबाइटचे खंड आहेत. शेतकऱ्यास त्यांची माहिती असण्याचे कारण नाही. ज्यांच्याकडे त्यांची निगा सोपविलेली आहे त्यांना मात्र ती असलीच पाहिजे. आणि संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात व्यवहारांच्या सिद्धांताइतकेच त्यांच्या कीर्दीच्या जतनासही स्थान मिळाले पाहिजे.